घरचं हर्ब मिक्स गिफ्ट दिलं आणि बरणीत सादळलं? काय काय तपासायचं, स्वस्तातल्यापासून सुरुवात

आधी लक्षणं बघून घ्या, म्हणजे पुढचं सगळं वाचायची गरज आहे का ते कळेल.

बरणी हलवली की आत खुळखुळत नाही, सगळं एकदम एका बाजूला सरकतं, नाहीतर तळाशी गोळा बसलाय. पान चिमटीत चोळलं तर चुरा होत नाही, नुसतं दुमडतं. सकाळी झाकणाच्या आतून बारीक थेंब किंवा धुकं दिसतं. रंग हिरव्याचा चॉकलेटी नाहीतर काळा झालाय आणि वास पुदिन्याचा न येता वाळलेल्या गवताचा येतोय. झाकण उघडल्या उघडल्या कुबट वास. पांढरे, करडे, हिरवट तंतू किंवा पावडरीसारखा थर. आणि शेवटचं म्हणजे बारीक तपकिरी किडे, जाळी, किंवा सुंठेला टाचणीएवढी भोकं.

पहिली तीन असतील तर मिक्स वाचतं. नुसता रंग आणि वास गेला असेल तर घरात वापरून टाका, गिफ्ट म्हणून देऊ नका. कुबट वास किंवा बुरशी असेल तर मधलं काही करत बसू नका, सरळ खाली "इथे थांबा" वाचा. किड्यांचं वेगळं आहे, तेही खाली आहे.

आता हे का होतं, तर आमच्या सोसायटीत आणि ओळखीत गणपती ते दिवाळी या काळात हमखास कोणीतरी बरणी घेऊन येतं आणि बहुतेक वेळा वाक्य एकच असतं की ताई, संक्रांतीला वाण म्हणून हेच दिलेलं तेव्हा छान राहिलं, मग आताच काय झालं. अहो तेच तर. संक्रांत ते रथसप्तमी म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी, तेव्हा दुपारची हवा आपल्याकडे त्यातल्या त्यात कोरडी असते. पाऊस मुंबईतून परतायची सर्वसाधारण तारीखच 8 ऑक्टोबर आहे, म्हणजे दिवाळीच्या गिफ्टसाठी तुम्ही पानं वाळवता ती बरोबर दमट दिवसांत, आणि आपण खाडीच्या कडेला राहतो, ठाणे असो की ऐरोली, वाशी, नेरूळ. वाळलेलं पान हवेतलं पाणी परत ओढून घेतं, तळलेला पापड पावसाळ्यात ताटात मऊ पडतो अगदी तसंच. म्हणून रेसिपीला दोष देऊ नका. पान नीट वाळलं होतं का, आणि वाळल्यानंतर ते उघड्यावर किती वेळ पडलं, हे दोनच प्रश्न आहेत, खालचं सगळं त्यासाठीच आहे.

चिमटीची टेस्ट (फुकट)

बरणीतून वेगवेगळ्या ठिकाणची पानं काढा, फक्त वरची नको. पान चुरचुरीत तुटायला हवं आणि देठ वाकवला की कट्कन मोडायला हवा. देठाचं महत्त्व जास्त आहे कारण पान आधी वाळतं आणि पाणी देठात राहतं, मग बंद बरणीत ते हळूहळू पानांकडे येतं आणि चार दिवसांनी तुम्हाला वाटतं की बाहेरून ओल आली. बाहेरून नाही, ती आतलीच असते. गवती चहाचा खालचा पांढरा दांडा, तुळशीच्या मंजिरीची काडी, पुदिन्याचा जाड देठ हे नेहमीचे गुन्हेगार. मिक्समध्ये हे असतील तर वेचून काढा, अर्ध्या केसेस इथेच संपतात.

एक सूचना, ही टेस्ट पान गरम असताना करू नका. डिहायड्रेटरमधून (पानं वाळवायच्या यंत्रातून) काढलेलं गरम पान कधीकधी मऊ लागतं आणि गार झालं की कडक होतं, मग आपण उगाच जास्त भाजत बसतो.

मिक्समध्ये पानांशिवाय काय आहे (फुकट)

यादी बघा. मीठ आहे? साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळायला लागतं आणि आपल्याकडे पावसाळ्यात 80 च्या वर असणं म्हणजे रोजचंच. जाडं समुद्री मीठ त्याच्याही आधी ओलं होतं कारण त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. गुळाची पावडर, साखर, लिंबूफूल, कांदा-लसणाची पावडर ही सगळी याच जातीची. पिझ्झा-पास्त्याच्या मिक्समध्ये लसूण पावडर आणि मीठ हमखास असतं आणि नेमकं तेच पहिल्यांदा गोळा होतं.

उपाय सोपा आहे, मीठ घालूच नका. कार्डावर लिहा की वापरताना मीठ घाला. लसूण पावडर हवीच असेल तर छोट्या वेगळ्या पुडीत सील करून बरणीला बांधा, दिसतंही छान.

आणि बरणीत तांदूळ टाकायची आयडिया सोडून द्या. मिठाच्या डबीत ते ठीक आहे, पण साठवणीच्या तांदळातच 12-14 टक्के पाणी असतं, तो पानांचं पाणी काय ओढणार, वर किडे आणेल ते वेगळं.

बरणी आणि झाकण (फुकट ते शंभर रुपये)

टिश्यूचा कोरडा तुकडा आत टाका, झाकण लावा, बरणी पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं दाबून धरा, बाहेरून पुसून उघडा. टिश्यू ओला असेल तर विषय संपला. कोरडा असेल तर निदान झाकण ढोबळमानाने ठीक आहे, वाफ अजूनही शिरू शकते पण बरीच कमी.

ऑनलाइन मिळतात त्या कॉर्कच्या बुचाच्या गोंडस बाटल्या, ज्यूटची पोटली, ऑर्गेन्झाची थैली, ब्राऊन पेपर बॅग, हे सगळं फोटोपुरतं. हळदीकुंकवाला पोटली देऊन दुसऱ्या आठवड्यात संपणार असेल तर चालेल, दिवाळीला अजिबात नाही. पोटली हवीच असेल तर आत झिपलॉक पाऊच घाला. जुनी लोणच्याची बरणी वापरू नका, कितीही घासली तरी झाकणाच्या आतल्या रबराला वास राहतो आणि तुळशीच्या चहाला कैरीच्या लोणच्याचा वास येतो, हसू नका, प्यायलेय मी.

धुतलेली बरणी नुसती उलटी घालून वाळत नाही. पुसा, मग उन्हात किंवा ओटीजी ओव्हनमध्ये (झाकण आणि रबर बाहेर काढून) 100 डिग्रीला दहा मिनिटं, आणि पूर्ण गार होऊ द्या. काचेच्या गळ्याच्या आट्यांत थेंब राहून जातात, तिथे नीट बघा.

बरणी ठेवली कुठे होती (फुकट)

गॅसच्या वरचं कपाट ही सगळ्यात वाईट जागा, रोज वाफ आणि उष्णता. खिडकीत ठेवली तर रंग उडतो, कारण पानाचा हिरवा रंग उजेडात टिकत नाही. फ्रिजमध्येही ठेवू नका. थंड बरणी बाहेर काढून लगेच उघडली की दमट हवा आत जाते आणि थंड पानांवर पाणी धरतं, आणि हे आपण रोज चहाच्या वेळी करतो. खोलीच्या आतल्या बाजूचं बंद कपाट बरं, फक्त बाहेरच्या भिंतीला चिकटलेलं नको. घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरमध्येसुद्धा पश्चिमेची भिंत पावसाळ्यात हाताला थंड आणि ओलसर लागते.

ज्यांना गिफ्ट दिलं त्यांनाही विचारा कुठे ठेवलं होतं, पुष्कळदा शोभेचं म्हणून गॅसच्या बाजूलाच मांडलेलं असतं. ओला चमचा घातला का तेही विचारा, पण जरा जपून, नातेवाईक आहेत.

सिलिका जेलवर किती भरवसा (दहा-वीस रुपये)

पुडी टाकलीच आहे ना, मग कसं सादळलं? हिशोब करा. 5 ग्रॅमच्या पुडीत बरणीतल्या परिस्थितीत जेमतेम एक-सव्वा ग्रॅम पाणी मावतं. तुमच्या 50 ग्रॅम मिक्समध्ये चार-पाच ग्रॅम पाणी जास्तीचं राहिलं असेल तर पुडी पहिल्याच दिवशी भरून गेली. बरणी उघडबंद करताना येणारी थोडी ओल ती सांभाळते, अर्धवट वाळलेली पानं ती वाळवत नाही. आणि पुडी फूड ग्रेडच घ्या. निळ्याचे गुलाबी होणारे दाणे येतात त्यात कोबाल्टचा क्षार असतो, ते खाण्याच्या वस्तूत नको. बुटांच्या डब्यातली पुडी तर नकोच.

हायग्रोमीटर (दोन-तीनशे रुपये)

ज्यांना दरवर्षी करायचंय त्यांनी एवढी एक वस्तू घ्याच. काडेपेटीएवढा डिजिटल आर्द्रतामापक मिळतो. गिफ्टच्या छोट्या बरण्या भरायच्या आधी सगळं मिक्स एका मोठ्या काचेच्या बरणीत दोन तृतीयांश भरायचं, मीटर आत टाकायचा, झाकण लावून रात्रभर खोलीत ठेवायचं आणि सकाळी आकडा वाचायचा. 50 च्या खाली, बिनधास्त भरा. 50 ते 60, परत थोडं वाळवा. 65 च्या वर म्हणजे बुरशीला रस्ता मोकळा, वर्षभर टिकेल असं स्वप्न सोडा. या टेस्टला मोल यासाठी आहे की बोटाला जे कळत नाही ते पान बंद हवेत स्वतः सांगतं, त्याच्यातलं पाणी आतल्या हवेत येऊन स्थिरावतं आणि तोच आकडा दिसतो.

मीटर खरं बोलतो का तेही तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूइतपत करा, विरघळवू नका, मग ते आणि मीटर एका झिपलॉकमध्ये बंद करून रात्रभर ठेवा. 75 दाखवायला हवं. 80 दाखवत असेल तर तुमचा मीटर पाच जास्त दाखवतो, तेवढे वजा करत जा.

एक दिवस पुरत नाही. आठवडाभर मोठ्या बरणीतच ठेवा, रोज एकदा हलवा, आकडा बघा. वर वर जात असेल तर कुठल्यातरी देठातून पाणी अजून येतंय. लोक ही पायरी गाळतात कारण गिफ्ट उद्या द्यायचं असतं! म्हणून सुरुवातच दोन आठवडे आधी करा.

कुठलं पान दगा देतंय (वेळ लागतो, पैसे नाही)

सगळं एकत्र वाळवलं असेल तर इथे घोळ आहे. मिक्समधला एक ओला घटक बाकी सगळ्यांना ओलं करतो, बंद बरणीत पाणी सगळीकडे सारखं पसरतं. म्हणून प्रत्येक गोष्ट वेगळी वाळवायची, वेगळी तपासायची, मग एकत्र करायची.

कढीपत्ता सगळ्यात सोपा. गवती चहाची पातीही लवकर वाळते, कात्रीने अर्ध्या सेंटीमीटरचे तुकडे करून, फक्त बुंधा घेऊ नका. तुळस, पुदिना आणि बेसिल नाजूक, हळू वाळली की काळी पडतात, कारण पान कोमेजत असताना त्यातली एन्झाइम्स काम करत राहतात, चिरडलं असेल तर अजूनच. म्हणून एकावर एक न टाकता एकच थर, आणि गावदेवी मंडईतून जुडी आणली की पिशवीत दाबून न ठेवता लगेच मोकळी करायची. मेथी मधली.

पानओवा मात्र वेगळं प्रकरण आहे. ओरेगॅनोच्या जागी तो घालायची आयडिया मस्त आहे, वास जवळचा येतो, बहुतेक बाल्कन्यांत फुकट असतो, पण पान मांसल आणि पाण्याने भरलेलं. बाकीच्यांबरोबर ट्रेमध्ये टाकला तर बाकीची कुरकुरीत होतात आणि हा आत ओलाच, वरून कोरडा दिसतो. बारीक चिरून, एकटा, इतरांच्या कितीतरी पट वेळ देऊन वाळवा. ते जमत नसेल तर सरळ विकतचा ओरेगॅनो घाला, कोणी विचारत नाही. आल्याचे काप आणि लिंबाच्या सालीचंही तेच, वरून कडक आणि आतून ओलं. मी आलं वाळवतच नाही, सुंठ घेते.

गुलाबाच्या पाकळ्या फुलवाल्याकडून घेऊन चहात घालू नका. पूजेच्या फुलांवर काय फवारलंय ते कोणी विचारत नाही आणि वाळवून ते जात नाही.

वाळवायची पद्धत (सगळ्यात कष्टाचं)

वरचं सगळं ठीक असूनही आकडा खाली येत नसेल तर पद्धत बदला. पावसाळ्यात पंख्याखाली वाळवलेलं पान हवेच्या आर्द्रतेपाशी येऊन थांबतं, आठ दिवस ठेवा नाहीतर पंधरा. खोलीत 80 असेल तर पान 50 पर्यंत खाली येणारच नाही. उन्हात लवकर वाळतं पण रंग आणि वास दोन्ही जातात.

एसी असेल तर बंद खोलीत ड्राय मोडवर, सुपात किंवा जाळीवर एकच थर. डिहायड्रेटर असेल तर 35 ते 45 डिग्री, आपल्या दमट हवेत 50 पर्यंत चालतं, त्याच्या वर गेलं की पुदिन्यातलं मेंथॉल, गवती चहातलं सिट्रल, तुळशीतलं युजेनॉल सगळं उडून घरभर वास येतो आणि बरणीत गवत राहतं. घरात खूप छान वास सुटला म्हणजे तेवढा मिक्समधून गेला, इतकं साधं आहे. ओटीजी सगळ्यात कमी सेटिंगला, दार किंचित उघडं ठेवून, समोर उभं राहून. एअरफ्रायरमध्ये सुटी पानं टाकू नका, वाऱ्याने उडून वरच्या कॉइलला चिकटतात आणि पेट घेऊ शकतात. मायक्रोवेव्ह थोड्याशा पानांसाठी, दोन पेपर नॅपकिनमध्ये, 20-30 सेकंद करत करत, आणि पान कुरकुरीत झालं की लगेच बंद. कोरडी पानं आत फिरत राहिली तर जळतात.

वाळलं का हे ठरवायला किचनचा वजनकाटा वापरा. ट्रेचं वजन करा, अजून अर्धा तास वाळवा, परत करा. वजन घटलं तर अजून पाणी जातंय. दोनदा सारखं आलं की थांबा.

आणि भरायची वेळ. ठाण्यात दिवसातली सगळ्यात कोरडी हवा दुपारी एक ते चारच्या आसपास असते. आपण काय करतो, मुलं झोपली की रात्री अकराला टीव्हीसमोर ट्रे पसरून आरामात बरण्या भरतो, लेबल चिकटवतो, रिबिनी बांधतो, तासभर पानं उघडी, आणि रात्रभर हवा दमटच होत जाते. लेबल-रिबिनी आधी करा. पानं हाताला कोमट लागायची थांबली की लगेच भरा, झाकण लावा. पानं अख्खीच भरा, चुरा घेणाऱ्याने वापरताना करावा, वास जास्त टिकतो.

सादळलेलं पण कुबट न झालेलं मिक्स असंच वाचतं. बारीक थर पसरून 45-50 डिग्रीला तास-दीड तास, मग परत मोठी बरणी आणि मीटर. मीठ-साखर घातलेलं असेल तर तो भाग जमणार नाही, चाळून काढा.

किडे

हे ओलीमुळे नाही, विकत आणलेल्या बडीशेप, धने, सुंठेबरोबर येतात, एपीएमसीच्या मसाला मार्केटमधून घ्या की कोपऱ्यावरच्या वाण्याकडून. किडे दिसले की ते मिक्स टाकायचं. पुढच्या वेळी विकतची प्रत्येक गोष्ट घट्ट डब्यात फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा, अंडी मरतात. बाहेर काढल्यावर डबा पूर्ण खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायचा नाही, नाहीतर किडे गेले आणि ओल आली.

इथे थांबा

बुरशी दिसली किंवा कुबट वास आला तर सगळी बरणी फेकायची. वरचा भाग काढून खालचं वाचवणं, तव्यावर भाजणं, उन्हात घालणं, काहीच नाही. तंतू दिसतात तेवढीच बुरशी नसते आणि काही बुरशींची विषं भाजून-उकळून जात नाहीत. नाकाजवळ नेऊन खात्री करत बसू नका, दमा असलेल्या माणसाला तर जवळही येऊ देऊ नका. त्याच बॅचमधून ज्यांना दिलंय त्या सगळ्यांना फोन करा, लाजू नका. कोणी प्यायलं असेल आणि उलट्या, अंगावर पुरळ, श्वासाला त्रास असं काही असेल तर घरगुती उपाय न करता डॉक्टर, श्वासाचा त्रास असेल तर सरळ इमर्जन्सी.

कपाटात ठेवलेलं सगळंच सादळत असेल, पीठ, पापड, कपड्यांना वास, भिंतीचे पोपडे, तर बरणी बदलून काही होणार नाही. बाथरूमच्या मागची किंवा बाहेरची भिंत गळतेय, सोसायटीला लेखी द्या आणि वॉटरप्रूफिंगवाल्याला दाखवा. डिहायड्रेटरला किंवा ओटीजीला जळका वास येत असेल, प्लग गरम होत असेल, बॉडीला झिणझिण्या येत असतील तर बंद करा, स्वतः उघडू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

चहाच्या मिक्समध्ये ज्येष्ठमध घालत असाल तर लेबलवर ठळक लिहा. रोज जास्त घेतलं तर ते बीपी वाढवतं आणि पोटॅशियम कमी करतं, त्यामुळे बीपी, हृदय, किडनीवाल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. खरं सांगायचं तर गिफ्टच्या मिक्समध्ये ज्येष्ठमध नकोच, कोणाला काय औषधं चालू आहेत ते आपल्याला माहीत नसतं.

आणि लोकांनी कौतुक केलं म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर विकायला काढणार असाल तर ते गिफ्ट राहिलं नाही. आधी एफएसएसएआयचं रजिस्ट्रेशन, आणि विकायच्या आधी फूड टेस्टिंग लॅबमधून मॉइश्चर, वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी (बुरशीला वापरता येईल असं पाणी) आणि यीस्ट-मोल्ड काउंट करून घ्या, तिथे माझा दोनशे रुपयांचा मीटर चालत नाही.